टाकीतलं औषध

मला टोमणा चटकन सुचतो, आणि सुचला की दम धरवत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर माझ्या उत्तरांची लोक वाट बघायचे. घोडबंदर रोडला राहायचं म्हणजे पाण्याचा टँकर आला, आणि टँकरवरून भांडण आलंच.

त्या दिवशी असंच जुंपलेलं असताना चौथ्या मजल्यावरचे काका, निवृत्त चित्रकला शिक्षक, मध्येच लिहू लागले. टाकीत कुणीतरी औषध कालवतंय, आपल्याला मुद्दाम सुस्त ठेवतायत. लागोपाठ अकरा मेसेज. मी लिहिलं, "हो काका, मीच कालवते. रोज पोरींचे डबे भरून झाले की गच्चीवर जाते." ग्रुपभर हसणारे चेहरे पडले. मी खूश होऊन ऑफिसला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात. पायात चप्पलही नव्हती.

"अगं, त्यांना ते खरंच वाटलं," त्या म्हणाल्या. "परवापासून घरातलं पाणी तोंडाला लावत नाहीत. नुसत्या शहाळ्यावर आहेत. गोळ्यापण बंद केल्यात. मनाच्या आजाराच्या गोळ्या गं, कित्येक वर्षं चालू आहेत. तू येऊन सांग ना, चेष्टा केलेलीस म्हणून."

मी तशीच त्यांच्याबरोबर निघाले. आजाराचं मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ते अकरा मेसेज मी वाचले होते. लिहिणारा माणूस भेदरलाय हे कळायला डॉक्टर कशाला लागतो?

काका खुर्चीत शांत बसले होते, ओठ सुकून फुटलेले. मला बघून त्यांनी चक्क दुसरी खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, "काका, मी खोटं लिहिलं. गच्चीवर मी कधी गेलेलीसुद्धा नाही. चुकलं माझं." बोलताबोलता मला रडूच आलं.

ते पुढे झुकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्यावर दबाव आणलाय ना? असू दे. बाकीचे नुसते हसले. तू एकटीच खरं बोललीस."

मी सरळ स्वयंपाकघरात गेले, नळाचं पाणी ग्लासात घेतलं आणि त्यांच्यासमोर येऊन तोंडाला लावलं.

ते कसेबसे उठले आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तू नको पिऊस," ते म्हणाले. "तुझ्या पोरी लहान आहेत."