खिळ्याला टांगलेलं कार्ड

सासूबाई शनिशिंगणापूरहून आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो आमच्या दाराचा. त्यांचं माहेर नि सासर दोन्ही तिथलंच. घराला चौकट असायची, तिला फळ्या नसायच्या. पडदा असला तर असला. आणि मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या घराला आधी लोखंडी जाळी, मग लाकडी दार, दोन्हींना वेगळं कुलूप असा बंदोबस्त केलेला. मी पतसंस्थेत कारकून आहे. ड्रॉवरला किल्ली लावायची आणि पासवर्ड कुणाला दिसू नये म्हणून हात आडवा धरायचा, हे अंगवळणी पडलेलं. सासूबाई कुरकुरल्या नाहीत. मी कामावर गेले की दार सताड उघडं टाकायच्या आणि मी यायच्या आत लावून घ्यायच्या, एवढंच.

त्याच वर्षी पालिकेने नागरिक कार्ड काढलं. घरटी एक कार्ड, त्यात घरातल्या सगळ्यांची नावं. टँकरचं पाणी, दवाखाना, दाखले, सगळं त्यावर. यंत्रावर टेकवायचं आणि चार आकडी पिन दाबायचा. नवरा सुप्याला कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी, त्यामुळे रांगा माझ्या वाट्याला. मी अर्धी रजा टाकून कार्ड काढलं आणि सासूबाईंचं नाव त्यात घालून घेतलं, कारण त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पालिकेच्या दवाखान्यात व्हायचं होतं. उजव्या डोळ्याने जवळपास काहीच दिसत नव्हतं, डावा धुरकट. डोळ्यांचे डॉक्टर बाहेरून वर्षातून दोनदा यायचे. तारीख हुकली की सहा महिने थांबा.

टँकर दुपारी यायचा म्हणून कार्ड त्यांच्याकडे ठेवलं. पिन पाठ करून घेतला, कुणाला सांगायचा नाही असं तीनदा बजावलं. त्यांनी तीनदा मान हलवली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघी नाव नोंदवायला गेलो तर यंत्र कार्ड घेईना. पालिकेच्या खिडकीवर कारकुनाने संगणकात बघून सांगितलं, "मॅडम, एकेका दिवशी चार-चारदा पाणी घेतलंय. कार्ड दुसऱ्याला वापरायला दिलेलं दिसतंय. म्हणून बंद झालंय."

मी वळून सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी लगेच कबूल केलं.

"बोळाच्या टोकाला ऊसतोडीवरनं आलेली दोन घरं हायती. मालक भाड्याचा कागूद देत न्हाई, मग कार्ड न्हाई, मग पानी न्हाई. म्या दाराभायेर खिळ्याला टांगून ठिवलं. लागंल त्यानं न्यावं, परत आनून लावावं. कदी हारवलं न्हाई बग."

"आणि पिन?"

"चौकटीवर खडूनं लिवलाय. त्यास्नी कसा ठाव आसंल?"

ते आकडे मी रोज बघत होते. पोलिओच्या डोसाला येणाऱ्या बायका दाराशी खडूने काहीबाही लिहून जातात, तसलंच वाटलं होतं. माझं डोकंच फिरलं. लोकांसमोर मी त्यांना म्हणाले, "आई, आता बसा सहा महिने चाचपडत." बोलून झाल्यावर मलाच वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही.

कारकून भला निघाला. म्हणाला, "पाचच्या आत फेरपडताळणी करून देतो. गल्लीतले दोन कार्डवाले आणा. घरातल्या प्रत्येकाला ओळखतो असं त्यांनी समोर लिहून द्यायचं."

दोन माणसं. मी मनातल्या मनात गल्ली फिरून आले आणि एकही दार सापडेना. नऊ वर्षांत कुणाच्या घरी चहाला गेले नव्हते, कुणाला बोलावलंही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "तू हितंच बस," आणि रिक्षाने गेल्या. अर्ध्या तासात दोन बायकांना घेऊन आल्या. एक शिलाईचं मशीन सोडून आलेली, दुसरीच्या मनगटाला अजून पापडाचं पीठ.

"आजींना ओळखता?" कारकुनाने विचारलं.

"आता म्हंजे!" शिलाईवाली म्हणाली. "यांच्या उंबऱ्यावरच तर आमची दुपार जाती." नवऱ्यालाही दोघी ओळखत होत्या. सुट्टीला आला की तोही आईशेजारी उंबऱ्यावर बसायचा.

"आणि या मॅडम?"

दोघींनी माझ्याकडे नीट बघितलं. पापडवाली म्हणाली, "यांना कुलूप लावताना बघितलंय. सकाळी लावत्यात, सांजच्याला उघडत्यात. बोलनं कदी झालं न्हाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी दोन शब्द सुनावले असते.

"आरं, सून हाय माजी," सासूबाई म्हणाल्या. "लई गुनाची हाय. मी सांगते ना."

"आजी, तुम्ही घरातल्याच. तुमचं चालत नाही."

मग त्या दोघी एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "आजी म्हनत्यात तर लिवा. वळखतो आमी." कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. प्रत्येक नावापुढे, किती दिवसांपासून ओळखता, असा रकाना होता. शिलाईवालीने सासूबाईंच्या नावापुढे लिहिलं, सात महिने. माझ्या नावाशी ती थोडी थांबली, खोटं लिहायला तिचा हात धजेना, आणि तिने लिहिलं, आजपासून. कारकुनाने ते वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

ऑपरेशन तारखेला झालं. टोकाच्या दोन घरांना आम्ही आता आमच्या पिंपातून पाणी देतो. चौकटीवरचा खडू मी पुसला, खिळा ठेवला. फॉर्मची प्रत दवाखान्याच्या फाईलमध्ये अजून आहे. ज्या गल्लीत मी नऊ वर्षं राहिले, तिथे माझी नोंद सासूबाईंच्या नंतर सात महिन्यांनी झाली.