तोमेबाई भातासाठी वाकल्या

जपानात इवातेतल्या आमच्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यात थंडीभर नत्तो खायचं नाही, हा नियम माझ्याही आधीपासूनचा. आंबवलेल्या त्या चिकट सोयाबीनमधला जिवाणू अंगाकपड्यांवरून आत गेला, तर तांदळावर जपून वाढवलेली बुरशी बिघडते आणि साके वाया जाते. कामगार नियम पाळत. स्वयंपाकीण तोमे कुमागाई पाळत नसत, आणि लपवतही नसत.

"मी घरी खाते, आंघोळ करून येते. तुमच्या बुरशीच्या खोलीत मला बोलावलंय कोणी?"

"तुमचं पोट दगडाचं, आमची बुरशी नाजूक," मुकादम गेन्पेई म्हणत.

"नत्तोमुळेच तर पोट ठीक आहे."

जेवणघर माझ्या हिशेबाच्या टेबलाला लागून, त्यामुळे हे रोज कानावर पडे.

एकदा ऐन थंडीत दुपारच्या जेवणानंतर पाच जणांना उलट्या सुरू झाल्या. मुकादम जेवणघरात आले.

"शेवटी तुमच्या नत्तोनं गुण दाखवलेच. उद्यापासून दुसरी बाई बघतो."

"बघा. पण आधी आरोग्य केंद्राला बोलवा. माझी नत्तोची वाटीही तपासा म्हणावं."

मालकांनी बोलावलं. काही दिवसांनी केंद्रातल्या मोरिशिताबाई निकाल घेऊन आल्या. दोष भातात निघाला. त्यातला जिवाणू नत्तोच्या जिवाणूचा भाऊबंदच. उकळलं तरी दोघेही तग धरतात. पण नत्तोचा पोटाला त्रास देत नाही. हा मात्र भात उबेत पडून राहिला की त्यात विष सोडतो, आणि भात कढईत परतला तरी ते जात नाही.

आदल्या रात्रीचा भात शेगडीजवळ ठेवून दुपारी परतला होता तो तोमेबाईंनीच.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी डोक्याचा रुमाल काढला आणि कमरेतून पूर्ण वाकल्या.

"चूक माझी. पाचही जणांची माफी मागते."

बराच वेळ त्या तशाच होत्या.

"आणि नत्तोचं काय?" मुकादमांनी विचारलं.

तोमेबाई सरळ झाल्या. "त्याचं काय? त्यानं कुणाला उलटी झाली?"

"नियम आहे."

"तुमच्या बुरशीपुरता बरोबर आहे. त्या दाराकडे मी फिरकत नाही. पण माझ्या घरातल्या वाटीसाठी वाकणार नाही. काढायचं तर भातासाठी काढा, निमूट जाईन."

आजारी पाचांतला एक, अजून पांढराफटक, हळूच म्हणाला, "मुकादम, मग संध्याकाळचं जेवण तुम्ही करणार?"

मुकादमांचा स्वयंपाक सगळ्यांना ठाऊक होता. मालक हसू दाबत म्हणाले, "दुसरी बाई बघू नका."

तोमेबाईंनी रुमाल पुन्हा बांधला. "आजपासून एका वेळचाच तांदूळ टाकीन," त्या म्हणाल्या. "भात कमी पडला म्हणून कुणी ओरडायचं नाही."