माडीचा पेला

नवऱ्याला चोरून दारू सोडवायची गोळी द्यायची आणि वर माडीचा पेलाही आपणच त्याच्या हातात ठेवायचा, इतकी मी शहाणी होते. आज नात फार्मसीचं पुस्तक मोठ्याने वाचत होती. गंधकाचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असलेलं तेच औषध म्हणे दारूचं पचन अर्ध्यावर अडवतं, आणि अर्धवट पचलेलं विष रक्तात साचतं. ऐकता ऐकता माझ्या नाकात आंबूस माडीचा वास शिरला, आणि मी रेवसच्या आमच्या ओटीवर जाऊन पोचले.

मुंबईच्या बहिणीने दिलेल्या गोळ्या मी कुटून ह्यांच्या चहात घालत होते. दारू सोडायची शपथही घातली होती, पण शपथेवर माझा भरवसा कुठला! आठ दिवस ह्यांनी बाटलीला हात लावला नाही. मी इतकी खूश, की बक्षीस म्हणून सकाळी माडी आणली. माडी म्हणजे दारू थोडीच, झाडाचं पाणी ते, असं माझं शास्त्र!

थोड्याच वेळात ह्यांचं तोंड लालबुंद झालं. "छाती फुटतेय गो!" म्हणत ते भडाभडा ओकले. डॉक्टरकडे न्यायला लाँच हवी, ती ओहोटीमुळे अडकलेली. सासूबाई मीठमिरच्या ओवाळत होत्या. मी नुसती ह्यांचे गार पडलेले पाय चोळत बसले. खरं ओठांवर आलं, की उठून सासूबाईंना आणखी मिरच्या आणून द्यायची.

भरतीला लाँच सुटली, आणि गोळ्यांचं खरं अखेर डॉक्टरांपुढे फुटलं. संध्याकाळी सलाईन लावलेल्या हाताने मला जवळ बोलावून हे म्हणाले, "मी तुज्या शपथेखातर सोडली व्हती गो. तुला वाटलं, गोळीनं?"