वाक्याचा कर्ता

माझ्या नवऱ्याने सिंगापूरला टॅम्पिनीसमधल्या आमच्या घराजवळच्या वळणावर एका सायकलवाल्याला गाडीने उडवलं. माणूस वाचला, पण आता काठीशिवाय चालू शकत नाही. नवरा काही आठवडे तुरुंगात होता. सुटून आल्यावर म्हणाला, "माझ्याकडून चूक झाली." मी म्हटलं, "जेवून घे." त्यानंतर मला त्याच्याबद्दल राग, दया, काहीच वाटेना. त्याच्यासोबत राहायचं की एकटीने पुण्याला परतायचं, हेही ठरेना. मी डबे भरत होते आणि ऑफिसला जात होते.

त्याच वर्षी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी युनिव्हर्सिटीत गुन्हेशास्त्राच्या पार्ट-टाइम मास्टर्सला नाव घातलं. बँकेतल्या कामाला उपयोगी पडेल, असं सगळ्यांना सांगितलं. त्यानिमित्ताने संध्याकाळी घराबाहेर राहता येत होतं.

एका तासाला प्राध्यापक बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'जबाबदारी घेतली', दुसऱ्यावर 'टाळली'. प्रत्येकाने आपल्या भाषेतलं कबुलीचं एक वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगायचं आणि वर्गाने त्याचा रकाना ठरवायचा. मी नवऱ्याचं 'माझ्याकडून चूक झाली' हे वाक्य दिलं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही.

शेजारी बसणारे निवृत्त पोलीस गृहस्थ हसले आणि सिंगापुरी ढंगात म्हणाले, "चूक आपोआप झाली, लाह! हा बिचारा नुसता तिथे उभा होता. सिस्टर, असले मी रोज पकडायचो."

वर्गही हसला. मी म्हटलं, आमच्यात असंच बोलतात. कप फुटतो, दूध उतू जातं, यायला उशीर होतो. हे नम्रपणे बोलणं आहे.

बाईंनी विचारलं, "तुमच्या भाषेत 'मी चूक केली' असं म्हणताच येत नाही का?"

"येतं."

"अवघड असतं?"

"नाही. तेवढेच तीन शब्द."

"मग याने ते का निवडले नाहीत?"

वाक्य दुसऱ्या रकान्यात गेलं. मी ते वहीत तसंच उतरवून घेतलं.

घरी नवरा कुकर लावून काकडी चिरत होता. "काय, आज कुठला चोर पकडला?"

"तुला."

वर्गातलं सगळं सांगितलं. तो ऐकताना चिरत राहिला.

"आता व्याकरणावरून शिक्षा का? बरं, मी चूक केली. झालं समाधान?"

"कुठली चूक?"

"माहीत नाही तुला?"

"तुझ्या तोंडून ऐकलेली नाही."

त्याने सुरी खाली ठेवली. "फोन बघत होतो. तुझाच मेसेज होता. दही आण म्हणून."

हे मला माहीत नव्हतं.

"मेसेज मी केला," मी म्हटलं. "फोन कुणी उचलला?"

"मी."

"पूर्ण बोल."

"मी फोन उचलला. मी समोर पाहिलं नाही. मी त्याला उडवलं." मग म्हणाला, "आता तू राहणार आहेस का जाणार?"

"तुझ्या वकिलाने त्या सायकलवाल्याला पाठवलेल्या माफीच्या पत्रात 'चूक झाली' असंच आहे ना?"

"हो."

"मग हे त्याला जाऊन सांग. त्यानंतर माझं सांगते."

शनिवारी तो एकटाच त्या माणसाकडे गेला. मी पुण्याचं तिकीट अजून बघायचं नाही, एवढंच त्या दिवशी ठरलं.