जीपच्या दारावरचा मोर

मुलांनो, नव्वदच्या दशकात तुमच्या आजोबांनी एक जुनी जीप घेतली. पेंटरने जुना रंग न घासताच वरून पांढरा स्प्रे मारला होता. उन्हाळ्यात तो सालीसारखा सुटू लागला.

मिरजगावच्या बाजारात एक म्हातारी जीपपाशी थबकली. तिने नखाने दारावरचा पापुद्रा सोलला. खाली हाताने रंगवलेला मोर निघाला.

"अहो आजी, रंग काढू नका!" आजोबा म्हणाले.

"माझ्या लेकानं काढलाय ह्यो मोर. हीच गाडी चालवताना गेला त्यो. परत झाकू नका, बाबा."

पुन्हा रंग देताना आजोबांनी मोर तसाच ठेवला. पण त्यानंतर जीप फाटकात शिरली, की मी आधी चालवणाऱ्याचा चेहरा बघत असे, आजोबाच आहेत ना म्हणून.