पापडवाल्या अक्कांचा ग्लास

बदलीमुळे धुळ्यात आलो, त्या पहिल्या उन्हाळ्यात उडदाचे पापड करून द्यायला शेजारणीने एका अक्कांना पाठवलं. नाव विचारायचं राहूनच गेलं. आल्या आल्या त्यांनी पीठ मोजायला पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढला आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माझ्या घरात काय ग्लास नव्हते?

पीठ मी दोन किलो तोलून ठेवलं होतं. मोबाइलवर पाहिलेल्या मापाने त्याचे सोळा ग्लास व्हायला हवेत. अक्कांचे चौदाच झाले आणि डबा संपला. दोन ग्लास पीठ गेलं कुठे? मी सरळ काटा आणला आणि त्यांचा एक भरलेला ग्लास तोलला. मोबाइलच्या मापापेक्षा चांगलाच जड निघाला. भरताना त्या ग्लास दोनदा ओट्यावर आपटायच्या, त्यामुळे पीठ दबून बसायचं.

अक्का हसल्या. "काटा वजन सांगस, ताई. पीठनी तहान नही सांगस." मग चिमटीत पीठ चोळून बघत त्यांनी बेताबेताने पाणी घातलं.

माझं उत्तर मला मिळालं होतं. तरी शेवटचा पापड लाटून होईपर्यंत माझी नजर त्या पिशवीवरच.

निघताना त्यांनी ग्लास धुऊन पुसला आणि मी काही बोलले नसतानाच पिशवी ओट्यावर उलटी केली. चष्मा, बसचं तिकीट, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी.

"देखी ल्या," त्या शांतपणे म्हणाल्या.

"अहो, कशाला," एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी वाकून पाहिलं.