घट्टरावाने आवळलेलं हँडल

पंपघरातल्या फिटरचं खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं जायचं तेवढंच. एरवी सगळी गल्ली त्याला घट्टराव म्हणे, आणि तोंडावर म्हणे, कारण त्याला त्यात आपला मोठेपणा वाटायचा. हा माणूस जे बंद करी ते दुसऱ्याला उघडत नसे. त्याने नळ बंद केला की बायको हाताला फडकं गुंडाळून त्या नळाशी झटायची. साखरेचा डबा, औषधाची बाटली, खिडकीची खिट्टी, सगळ्यांची तीच गत. पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा त्यालाच हाक मारावी लागे. मग तो सावकाश उठायचा, एका पिळ्यात झाकण काढायचा आणि "हातात जीवच नाही कोणाच्या" असं म्हणून परत जागेवर जाऊन बसायचा. हे त्याला मनापासून आवडायचं.

लोक म्हणत, तरुणपणी एखादा नट सैल राहून काहीतरी विपरीत घडलं असणार, त्याचा धसका घेतलाय बिचाऱ्याने. काही घडलं नव्हतं, आणि बिचारा तर तो मुळीच नव्हता. काही माणसांना हातातलं सोडवतच नाही, त्यातला हा. थोरली मुलगी त्याने मागच्याच गल्लीत दिली, तीही तिचं दार आपल्या गच्चीवरून दिसेल असं घर हेरून. रोज संध्याकाळी वर जाऊन तो ते दार बघून यायचा.

राहिली धाकटी. तिला दुसऱ्या शहरातल्या रक्तपेढीत नोकरी मिळाली होती. रक्ताच्या पिशव्या मोटरसायकलवरून दवाखान्यांत पोचवायच्या, गाडी आणि राहायला खोली त्यांचीच. अट एवढीच होती की महिना संपायच्या आत पक्कं लायसन्स हातात हवं, नाहीतर जागा दुसऱ्याला. शिकाऊ लायसन्स तिच्याकडे होतं आणि परीक्षेपुरती गाडी घरचीच होती, बापाची जुनी. घट्टराव नोकरीबद्दल हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्याच्या बाबतीत ही काळजीची गोष्ट होती, पण धाकटीने ती आपल्या सोयीने घेतली.

नेमकी परीक्षेच्या तोंडावर गाडी वाजायला लागली. पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या मानेत कट्ट व्हायचं आणि तळहाताला दणका बसायचा. त्या मानेत वर एक आणि खाली एक अशा वाट्या असतात, वाट्यांत छर्रे असतात आणि छर्ऱ्यांवर हँडल फिरतं. ते सगळं सैल झालं होतं. "मेकॅनिककडे टाकते," धाकटी म्हणाली.

"का? तुझा बाप मेला का?" घट्टराव म्हणाला.

त्याने अंगणात गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी केलं, वरचा मोठा नट काढला आणि खालच्या खाचांच्या नटाला आपला आकडीचा पाना लावला. नट आवळताना त्याच्या मानेची शीर फुगली होती. संध्याकाळी धाकटीने गाडी फिरवून आणली. कट्ट गेलं होतं, पण हँडल जड लागत होतं, वळवलं तिथंच राहत होतं.

"बाबा, फार आवळलंय."

"चालवायची अक्कल नसली की गाडी जड लागते."

परीक्षेच्या मैदानावर चुन्याने मोठा आठ काढलेला असतो. त्या रेषेवरून गाडी अगदी हळू न्यायची, पाय टेकला की संपलं. हळू गाडीचा तोल हँडलच्या बारीक बारीक हालचालींवर असतो, आणि इथे हँडल हलायलाच तयार नव्हतं. धाकटी पहिल्याच वळणात रेषेबाहेर गेली. हिसका देऊन हँडल वळवलं तर गाडी दुसरीकडे कलली आणि तिचा पाय धपकन टेकला. परीक्षकाने तिच्याकडे न बघताच हाताने बाजूला व्हायला सांगितलं. मागे रांगेत कोणीतरी हसलं.

घरी घट्टराव जेवत होता. "काय झालं?" त्याने विचारलं, आणि उत्तर ऐकून भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. "ते तुझ्याच्याने होणार नव्हतंच. आपल्या औकातीतलं काम बघावं माणसाने."

धाकटीला ते खरं वाटलं, हेच वाईट. चार दिवस ती स्वतःलाच शिव्या घालत होती. पुढची परीक्षा महिन्याच्या अगदी शेवटी होती, आणि ती हुकली की रक्तपेढी विसरायची होती. ती रोज पहाटे त्या जड हँडलशी झगडायची आणि खांदे दुखवून घेऊन घरी यायची.

मग रविवारी शेजारचा गवंडी आपली मोटरसायकल ढकलत अंगणात आला. त्याच्याही गाडीत कट्ट व्हायचं. घट्टरावाने तोच ठोकळा सारला, तोच पाना काढला. धाकटी दारामागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. बाप गवंड्याला शिकवत होता, आणि शिकवताना त्याचा आवाज किती गोड व्हायचा.

"हा नट आधी चांगला आवळायचा, छर्रे बसले की थोडा मागं घ्यायचा. वरचा मोठा नट बसतो ना, तो याला आणखी दाबतो. तेवढी जागा ठेवावी लागते. नाही ठेवली तर गाडी सरळ पळते, पण हळू वळणार नाही. आता बघ." त्याने हँडलला एका बोटाने टिचकी मारली. ते अलगद कलंडलं आणि आपल्याच वजनाने पार टोकाला जाऊन पडलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच पडलं. "असं पडलं पाहिजे. आपोआप."

धाकटीच्या हातात ओली चादर होती. ती तशीच बादलीत टाकून ती आपल्या गाडीजवळ गेली, ती मधल्या स्टँडवर घेतली, मागची सीट एका हाताने दाबून पुढचं चाक उचललं आणि दुसऱ्याने हँडलला टिचकी मारली. ते जागचं हललं नाही. गवंड्याची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती थांबली.

"त्याची सोडलीत," ती म्हणाली. "माझी का नाही सोडली?"

घट्टराव फडक्याने पाना पुसत होता. "तुझी सैल होती."

"बाबा, मी ऐकलंय सगळं. तुम्हाला माहीत होतं."

"गवंड्याला कुठं जायचंय? तो संध्याकाळी घरी येतो."

"मी पडले असते."

"आठावर गाडी हळू असते," घट्टराव शांतपणे म्हणाला. "हळू पडलं की खरचटतं फक्त."

म्हणजे त्याने तेवढाही हिशेब केला होता. धाकटीला आयुष्यात कोणाचा एवढा राग आला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनेही ऐकलं. नवऱ्याशी बोलून काही उपयोग होतो हे ती केव्हाच विसरली होती. ती बाहेर आली, त्याच्या हातातून पाना काढून घेतला आणि मुलीला दिला. मग लुगड्याचा पदर खोचून मोटरसायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. तिच्या वजनाने पुढचं चाक वर आलं. इतक्या वर्षांत ती त्या गाडीवर पहिल्यांदाच बसत होती, आणि गाडी जागेवर उभी होती.

धाकटीने वरचा नट काढला, खालचा सोडला. पहिल्यांदा फार सैल झालं, चाकाला दोन्हीकडून पेलणारे दांडे धरून हलवल्यावर कट्ट वाजलं. परत आवळला, वरचा नट बसवला तर पुन्हा जड. घट्टराव पायरीवर बसून बघत होता. तिसऱ्या वेळी धाकटीने खालचा नट जरासा जास्त मागं घेतला आणि वरचा बसवला. दांडे हलवले, आवाज नाही. टिचकी मारली. हँडल कलंडलं आणि टोकाला जाऊन पडलं.

"ब्रेक दाबून बघ आधी," घट्टराव पायरीवरून गुरगुरला. "रस्त्यावर मरशील."

"मग स्वतःचंच रक्त पोचवेन," धाकटी म्हणाली.

पाना तिने परत दिला नाही. रात्री उशाखाली घेऊन झोपली, कारण बापाचा भरवसा नव्हता. परीक्षेला तोच परीक्षक होता, तोच चुन्याचा आठ. गाडी दोन्ही वळणं अशी घेत गेली की धाकटीला वाटलं, मागच्या वेळी मैदानच दुसरं होतं. पाय टेकला नाही.

ती घरी आली आणि पास झाल्याचं तिने फक्त आईला सांगितलं. घट्टराव उठून अंगणात गेला. त्याने दांडे धरून हलवले, हँडलला टिचकी मारली, पुन्हा हलवले, कान लावून ऐकलं. काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून तो कितीतरी वेळ त्या गाडीभोवती फिरत होता. सापडलं नाही, तेव्हा संतापून त्याने ठोकळ्याला लाथ मारली आणि दिवसभर लंगडत राहिला. गल्लीने कारण विचारलं तर म्हणाला, दगड लागला.

जायच्या दिवशी तो बसपर्यंत आला नाही. फाटकात उभा राहून त्याने पाण्याने भरलेली एक बाटली पुढे केली. "वाटेत लागेल," म्हणाला. धाकटीने ती घेतली आणि पिशवीत टाकली. पिशवीत त्याचा पानाही होता. तो त्याने मागितला नाही, तिने दिला नाही.

दुपारी बस कुठल्याच धाब्यापाशी थांबेना, ऊन खिडकीतून मांडीवर आलं आणि घसा कोरडा पडला. धाकटीने बाटली काढली. झाकण हलेना. ओढणी गुंडाळून पिळलं, दातांनी धरलं, गुडघ्यांत दाबून पाहिलं. तळहात लाल झाले. शेजारच्या बाईने विचारलं, "कोणी बंद केलीय एवढी?"

"बाबांनी," धाकटी म्हणाली.

तिला रडू आलं नाही, रागच आला, आणि तहान तर लागलेलीच होती. बाईने आपली बाटली पुढे केली. तिचं झाकण दोन बोटांनी उघडलं. धाकटी सगळं पाणी पिऊन गेली आणि बाईची माफी मागायचंही तिला सुचलं नाही. उतरताना बापाची बाटली तिने सीटवर तशीच ठेवली, भरलेली.